पाऊणकीने मोजलेली भरती

सव्वीस वर्षं मी चौथीच्या वर्गाला समुद्र शिकवत आलो आहे. भरती, ओहोटी, चंद्राचं आकर्षण, भरतीची रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकणारी वेळ, सगळं तोंडपाठ. निळ्या खडूने फळ्यावर लाटा काढायच्या, पांढऱ्या खडूने चंद्र काढायचा, मधे बाण मारायचे आणि पोरांकडून तीन वेळा म्हणून घ्यायचं. जत तालुक्यातली आमची वाडी म्हणजे चारही बाजूंना माळ. पाण्याचा टँकर आला तरी गावाला सणासारखं वाटतं, तिथे समुद्राबद्दल उलटं विचारणार कोण?

पण गेल्या दिवाळीनंतर राजश्री उभी राहिली. ही माझ्या वर्गातली सगळ्यांत भांडखोर मुलगी. "गुर्जी, तुमी बघितलाय काय समुद्र?"

सतरा पोरं माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "व्हय तर. लई येळा."

"मग पानी मागं गेल्यावर खाली काय असतंय?"

"वाळू," मी म्हणालो आणि घाईघाईने पुढचं पान काढलं.

खोटं होतं. कोल्हापूर, सोलापूर, एकदा सहलीबरोबर कोयना, एकदा मेव्हण्याच्या लग्नाला हैदराबाद, एवढाच माझा प्रवास. गोव्याला जायचं दोनदा ठरलं आणि दोन्ही वेळा घरात आजारपण निघालं. पन्नाशी उलटलेल्या माणसाने नऊ वर्षांच्या पोरीसमोर खोटं बोलावं आणि त्या रात्री त्याला झोप येऊ नये, हेही बरंच म्हणायचं.

म्हणून 'वर्गात तंत्रज्ञान आणि दृश्य माध्यमं' या विषयावरच्या दहा दिवसांच्या प्रशिक्षणाचं पत्र आलं आणि ठिकाण बोरीवली, मुंबई असं वाचलं, तेव्हा केंद्रातल्या सगळ्या शिक्षकांनी माना खाली घातल्या आणि मी हात वर केला. मुख्याध्यापकांना आश्चर्याचा धक्का बसला. शाळेला मिळालेल्या मोठ्या टीव्हीवर माझ्याच बायकोने भरतकाम केलेलं कापड होतं. खंडेनवमीला त्याला हळदकुंकू लागायचं. चालू मात्र तो वर्षातून एकदा व्हायचा, साहेब तपासणीला आले की. मला तंत्रज्ञान नको होतं. मला समुद्र बघायचा होता, पोरांसाठी घेऊन यायचा होता आणि जमलंच तर ते जुनं खोटं कुणाला न कळता खरं करून टाकायचं होतं.

बोरीवली

आमची राहायची सोय एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर होती. पहिल्या सकाळी मी तोंडात ब्रश धरून खिडकीशी उभा होतो, तर समोरून, अगदी माझ्या डोळ्यांच्या पातळीवर, मेट्रो निघून गेली. आतला एक गृहस्थ सरळ माझ्याकडे बघत होता. मी सवयीने नमस्कार केला. माझ्या खोलीतले धुळ्याचे गुरुजी पलंगावर पडून हसत सुटले. पण मला विचाराल तर जमिनीपासून तीस फुटांवरून आगगाडी चालते आणि खाली इडलीवाला मान वर करूनही बघत नाही, हे बघून ज्याचा हात जोडला जात नाही त्याचंच आश्चर्य वाटायला हवं.

दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून डोंगर दिसायचे, हिरवे आणि घनदाट. ते राष्ट्रीय उद्यान. "बिबट्या येतो कधीमधी," वॉचमनने सांगितलं. मी घाबरून विचारलं, "मग?" तो म्हणाला, "मग काय? जातो परत." आमच्याकडे नुसता ठसा दिसला तरी आठ दिवस शाळा ओस पडते.

जेवण एका गुजराती बाईंच्या खानावळीतून यायचं. डाळीचा पहिला घास घेतला आणि मला वाटलं, वाढणाऱ्याच्या हातून वाट्यांची अदलाबदल झाली. डाळीत गूळ! भाजीतही गूळ! मी बायकोने दिलेली येसूर चटणीची बाटली उघडली. तिसऱ्या दिवशी ती बाटली त्या गुजराती बाईंनीच मागून नेली आणि चौथ्या दिवसापासून आमच्यासाठी एक वेगळी लालभडक वाटी येऊ लागली. ओळख ना पाळख, पण माणसाच्या तोंडाची चव तिने लक्षात ठेवली. घरी पाहुणचार आपणच करतो असा आपला उगाच समज असतो.

प्रशिक्षण देणारी होती केतकी. तिशीची, केस कापलेले, खांद्याला झोळी, इथल्याच सोसायटीत वाढलेली. आम्ही चाळीस शिक्षक, निम्म्याहून अधिक तिच्या वडिलांच्या वयाचे. तिने ना दीपप्रज्वलन केलं, ना स्वतःची ओळख लांबवली. भिंतीवर एक चित्र टाकलं: पावट्याचं बी आणि ओली माती. म्हणाली, "सर, मॅडम, हे फक्त दोन मिनिटं बघायचं. बोलायचं नाही. ओके?"

बोलायचं नाही! शिक्षकाला! वीस सेकंदांत नाशिकच्या बाई म्हणाल्या, "हे द्विदल आहे." मी म्हणालो, "यात आपल्याला अंकुर दिसत आहे." मागून कुणीतरी, "मुलांनो," अशी सुरुवातही करून टाकली. केतकी पोट धरून हसली. "वाट लागली! अहो, चित्राला बोलू द्या ना जरा."

मग तिने ते चित्र चालू केलं. बारा दिवस कॅमेरा एकाच जागी ठेवून घेतलेलं ते चित्रण दीड मिनिटात बसवलं होतं. बी फुगलं, तडकलं, एक पांढरा धागा खाली गेला, चाचपडला, दगड लागला तसा वळला. मग मातीचं ढेकूळ डोक्यावर घेऊन कोंब वर आला आणि मान सरळ करून त्याने दोन पानं उघडली. आवाज नाही, संगीत नाही. आमची चाळीस तोंडं बंद. मी वर्षानुवर्षं वाटीत मटकी भिजवून अंकुरण शिकवलं आहे, पण मुळाला वाट शोधावी लागते हे मला त्या दिवशी कळलं. माझे डोळे भरून आले आणि मी चष्मा पुसायच्या निमित्ताने मान खाली घातली. शेजारी पाहिलं तर धुळ्याचे गुरुजीही चष्माच पुसत होते.

दुपारी तिने शेवटच्या दिवसासाठीचं काम सांगितलं. प्रत्येकाने आपल्याच वर्गासाठी, आपल्याच पाठावर तीन मिनिटांची फिल्म करायची. फोनवर. अट एकच: शिक्षकाने समजावून सांगायचं नाही. जे आहे ते दिसलं पाहिजे.

माझा विषय ठरलेलाच होता.

खाडी

मंगळवारी प्रशिक्षण संपल्यावर मी फोन आणि केतकीने दिलेलं तिपाई स्टँड घेऊन रिक्षाने खाडीवर गेलो. साडेपाच वाजले होते. समुद्र म्हणून मी जे काही मनात ठेवलं होतं, त्यातलं तिथे काहीच नव्हतं. लाटा नव्हत्या, निळं नव्हतं, वाळू तर औषधालाही नव्हती. जेट्टीपासून पार समोरच्या तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या रांगेपर्यंत नुसता चिखल. काळा, ओला, उतरत्या उन्हात लोण्यासारखा चकाकणारा. मधे पाण्याची एक बारीक धार. होड्या कुशीवर कलंडून पडलेल्या. आणि नीट पाहिलं तर तो सगळा चिखल हलत होता: हजारो छोटे खेकडे बिळांतून बाहेर येऊन एक नांगी वर करून उभे, आणि बोटभर लांबीचे मासे चक्क चिखलावर उड्या मारत चाललेले. पाण्याबाहेर! मासे! मी तिथे किती वेळ उभा राहिलो कोण जाणे. एवढा मोठा संसार रोज दोनदा पाण्याखाली जातो आणि रोज दोनदा वर येतो, आणि मी त्याला फळ्यावर दोन बाणांत गुंडाळत होतो.

मग मी भानावर येऊन चित्रण केलं. रात्री जेवणानंतर केतकीला दाखवलं. तिने पूर्ण पाहिलं आणि ओठ चावला.

"सर, तुम्ही मस्त दिसताय. पण चिखल कुठेय?"

खरंच. पूर्ण तीन मिनिटं स्टँडवरच्या फोनसमोर मीच उभा होतो. हात लांब करून दाखवत होतो, "येथे आपणास ओहोटी दिसत आहे," आणि जिथे ओहोटी दिसायला हवी होती तिथे माझा नेहरू शर्ट होता. केतकी म्हणाली, काळजी करू नका, दर तुकडीत निम्मे शिक्षक हेच करतात. फळा आणि पोरं यांच्या मधे उभं राहायची सवय हाडांत मुरलेली असते.

विक्रोळी

गुरुवारी आम्हांला विक्रोळीच्या एका मराठी शाळेत नेलं. एका बाजूला जुन्या कारखान्यांच्या लांबलचक भिंती, त्यांत झाडांनी भरलेली कामगारांची वसाहत, दुसऱ्या बाजूला चाळी, आणि पलीकडे पुन्हा तिवरं. माझ्या मनातल्या मुंबईत झाडं नव्हतीच. इथे तर वडाखाली शाळेची घंटा होती.

तिथल्या सावंत बाईंचा वर्ग बघायचा होता. बाई मूळच्या मालवणकडच्या, त्यांचे वडील गिरणीत होते. बाईंनी भिंतीवर एका बंदराची फिल्म लावली आणि तिचा आवाज बंद केला. म्हणाल्या, "चला रे, आता आवाज तुमचो." आणि त्या पोरांनी जो काही आवाज केला! कुणी भोंगा झालं, कुणी बगळा, चार मुली मिळून होडीचं इंजिन झाल्या, मागच्या बाकावरचा एकजण बर्फ फोडत होता. फिल्ममधली बाई तोंड हलवायची आणि एक मुलगी तिच्यासाठी बोलायची: "ताजी मासली हाय गं, कल्ला बग कसा लाल हाय." आम्ही मागे बसून टाळ्या वाजवल्या. आमच्या शाळेत फिल्म लावली की पहिली सूचना असते, हाताची घडी, तोंडावर बोट.

मग बाईंनी मला पुढे बोलावलं. जगाचा नकाशा प्रोजेक्टरने भिंतीवर टाकला होता. मी सवयीने मधे जाऊन उभा राहिलो आणि पोरं खिदळायला लागली. खाली पाहिलं तर आफ्रिका माझ्या पोटावर पसरली होती. एक मुलगी पुढे आली, माझ्या खिशावर बोट ठेवून म्हणाली, "सर, इथे सहारा वाळवंट." मी हललो नाही. तास माझ्या शर्टावरच झाला, आणि झकास झाला.

दुपारी सावंत बाईंनी डब्यातला बोंबील वाढला. मी काटा शोधत बसलो. बाई म्हणाल्या, "गुरुजी, त्येका काटो नसता म्हटलां तरी चालात. जिबेवर ठेवा नि गप ऱ्हवा." ठेवला. विरघळला. मटणाच्या रश्श्यावर वाढलेला मी माणूस, पण त्या घासाला मी मनातल्या मनात सलाम केला.

गोराई

रविवारी सकाळी सुट्टी होती. धुळ्याचे गुरुजी आणि मी होडीने खाडी ओलांडली, पलीकडे रिक्षा केली आणि सुरूंच्या झाडांतून चालत पुढे गेलो. आवाज आधी आला. मला वाटलं, ट्रकची रांग चालली आहे. मग झाडं संपली.

काय सांगू? सव्वीस वर्षं मी पोरांना सांगत होतो, 'समुद्र म्हणजे खाऱ्या पाण्याचा विशाल साठा.' साठा! तो साठा नव्हता. तो येत होता. एकामागून एक, न दमता, कुणी बघो न बघो. आमच्या माळावर उभं राहिलं की क्षितिज दिसतं, पण ते स्थिर असतं. इथे क्षितिजापासून माझ्या पायांपर्यंत सगळंच हलत होतं. मी चपला काढल्या. पाणी आलं, घोट्यांना लागलं आणि परत जाताना माझ्या टाचांखालची वाळू ओढून घेऊन गेलं. मी धडपडलो आणि धुळ्याच्या गुरुजींचा हात धरला. मला वाटलं, आपण किती कमी बघून किती जास्त बोलत आलो. बराच वेळ आम्ही दोन प्रौढ माणसं, विजारी गुडघ्यापर्यंत दुमडून, हात धरून उभे होतो.

पुन्हा खाडी

सोमवारी मी चिखलाचं चित्रण पुन्हा करायला निघालो. मागच्या मंगळवारी साडेपाचला चिखल होता, म्हणून बरोबर साडेपाचला पोहोचलो. स्टँड लावलं, फोन बसवला, बटण दाबलं आणि या वेळी शहाण्यासारखा फोनच्या मागे जाऊन उभा राहिलो. मग समोर पाहिलं.

चिखल नव्हता. खेकडे नव्हते. तिवरं कमरेपर्यंत पाण्यात होती आणि मागच्या वेळी कुशीवर पडलेल्या होड्या टेचात डोलत होत्या. मी जेट्टीवर इकडून तिकडे हेलपाटे घालू लागलो. पायरीवर एक कोळीण पाटीतले जवळे, म्हणजे नखाएवढी कोलंबी, निवडत बसली होती. नाव हिराबाई, हे नंतर कळलं. साठीची, नाकात नथ, आवाज पार पैलतीरावर जाईल असा.

"काय रं मास्तर, काय हरावलं काय?" शर्टावरूनच तिने मला ओळखलं असावं.

"इथे चिखल होता हो. गेल्या मंगळवारी. याच वेळेला."

"चिखल हाय तितंच हाय. वर पानी हाय," ती म्हणाली आणि खुदकन हसली. "मंगलवार-बिंगलवार दर्याला काय ठावं? आज तिथ कोनची?"

"षष्ठी."

"मंग? सहाची पाऊनपट किती?"

माझी जीभ आपोआप वळली. लहानपणी पंतोजींनी छडीने पाठ करून घेतलेली पाऊणकी. "साडेचार."

"साडेचारला भरती. आता साडेपाच. पानी आत्ता कुटं फिरलंय. मंगलवारी आवस व्हती. आवसेला दुपारी बाराला भरती, सांजचे सहाला सुकती. तवा तुमाला चिखल गावला." तिने बोटांवर ना काही मोजलं, ना आकाशाकडे पाहिलं. हात जवळ्यांतच होते. "आनि आज पानी कमीच हाय. भांगाचे दिस हायत ना, भरतीचा जोर उतरलाय. पुनवेला या बगायला, ही पायरी दिसायची नाय."

मी उभ्या उभ्या हिशेब केला. सहा दिवस, रोज पन्नास मिनिटं, तीनशे मिनिटं, पाच तास. तिसरीतल्या पोराचं गणित. रोज पन्नास मिनिटांनी वेळ पुढे सरकते हे वाक्य मी आयुष्यात हजार वेळा फळ्यावर लिहिलं असेल, आणि घड्याळ बघून मी तिथे मागच्याच वेळेला हजर! वाक्य माझ्याकडे होतं, समुद्र तिच्याकडे होता.

"मास्तर," ती म्हणाली, "कदी दर्या बगला नाय काय तुमी?"

"मागल्या मंगळवारपर्यंत कधीच नव्हता बघितला," मी म्हणालो. आणि कोण जाणे कसं, पुढचंही तोंडातून निघून गेलं. "शिकवतोय मात्र सव्वीस वर्षं. पोरांना सांगितलंय, लई वेळा बघितलाय म्हणून."

"सव्वीस वर्सं!" हिराबाई अशी हसली की पाटीतले जवळे उडाले. मग पदराने डोळे पुसून तिने पायरीवर शेजारची जागा झाडली. "बसा जरा. उबं राहून दर्या नाय कलत."

मी बसलो. तासभर बसलो. पाणी पायरीपायरीने, कुणाला न सांगता, खाली उतरत होतं. मी विचारत होतो आणि ती सांगत होती: उधाण म्हणजे काय, कुठल्या तिथीला जाळं कुठे टाकायचं, चिखलातले कुठले मासे कधी वर येतात. शाळेची पायरी तिने चढलेली नव्हती. माझ्या पुस्तकातली दोन पानं तिच्या पाऊणकीपुढे बारीकशी टीप होती.

निघताना लक्षात आलं की फोन चालूच राहिला होता.

बोरीवली, शेवटचे दोन दिवस

मंगळवारी केतकीने मला सकाळच्या सत्रातून सोडलं. "सप्तमी. साताची पाऊणपट सव्वापाच, म्हणजे ओहोटी अकराच्या सुमारास," असं मी तिला ऐटीत सांगितलं आणि अकराला चिखल मला हजर मिळाला. मागच्या मंगळवारइतका नव्हता, पण होता, आणि त्यात मी नव्हतो.

संध्याकाळी आम्ही फोनवरच जोडणी करायला बसलो. अकराचा चिखल, खेकडे, मग साडेपाचचं पाणी. पाण्याच्या भागात चित्र नुसतं खाडीचं, डोलणाऱ्या होड्या, आणि त्यावर दोन आवाज: हिराबाईचा आणि माझा. केतकीने सगळं कान देऊन ऐकलं आणि टेबलावर हात आपटला.

"सर! हीच तुमची फिल्म! नऊ दिवसांत पहिल्यांदा तुम्ही कुणाला तरी प्रश्न विचारलात. हे ठेवायचं. सगळं."

"पाऊणकीचं ठेवू," मी म्हणालो. "पुढचं काप."

"का?"

मी सांगितलं. राजश्री, लई येळा, वाळू, सगळं. तिच्याकडे बघायची लाज वाटत होती. "वर्गासमोर हे लावलं तर उद्या मी पाच अधिक पाच दहा सांगितलं तरी पोरं विचारतील, खरंच का गुर्जी? नोकरीची सहा वर्षं राहिलीत, केतकी. गावात माझ्या शब्दाला वजन आहे, तेवढंच माझ्याकडे आहे."

एवढी बोलकी मुलगी, पण आग्रह कुठे धरायचा नाही हे तिला बरोबर कळायचं. मग तिने दोन फायली केल्या. एकीत माझी कबुली होती, दुसरीत नव्हती.

बुधवारी चाळीस जणांसमोर मी दुसरी लावली. टाळ्या पडल्या. सावंत बाई खास आल्या होत्या, म्हणाल्या, "छान झाली हां." केतकीही छान म्हणाली. निरोप घेताना तिने फोन माझ्या हातात दिला. "सर, दोन्ही यातच आहेत. वर्ग तुमचा आहे." मला तिचा राग आला. तिने आग्रह धरला असता तर मला नाही म्हणता आलं असतं.

वाडी

परतल्यावर सोमवारी मी टीव्हीवरचं भरतकामाचं कापड काढून घडी केली. पोरं जमिनीवर बसली. मी हाताची घडी घालायला सांगितलं नाही, म्हणून जरा गोंधळली होती. फोन टीव्हीला जोडला, जसं शिकवलं होतं तसा, आणि पडद्यावर दोन्ही फायली एकाखाली एक दिसू लागल्या. बोट दुसरीवरच होतं.

राजश्री पुढे सरकून बसली. "गुर्जी, ह्यो त्योच काय समुद्र, तुमी लई येळा बघितलेला?"

तिने टोमणा मारला नव्हता. ती खरंच विचारत होती, तिला ते खरंच वाटत होतं, आणि तेच मला सोसवलं नाही. मी पहिली फाईल लावली आणि जाऊन पोरांच्या मागे भिंतीला टेकून उभा राहिलो.

चिखल आला. "आत्ता ग बया, मासं चालाय लागल्यात!" कुणीतरी ओरडलं. "वाळू कुटं हाय?" दुसऱ्याने विचारलं. पाणी आलं. हिराबाईने पाऊणपट विचारली तेव्हा कुणालाच आली नाही, मला मनात आनंद झाला, आता पाऊणकी शिकवायला निमित्त मिळालं. आणि मग माझाच आवाज वर्गात घुमला, कधीच नव्हता बघितला, पोरांना सांगितलंय, लई वेळा. हिराबाईचं हसू. होड्या डोलत राहिल्या, फिल्म संपली.

सतरा माना मागे वळल्या.

राजश्री उठली. रागावेल असं वाटलं होतं. ती दप्तराकडे गेली, परिसर अभ्यासाचं पुस्तक काढलं, पेन्सिल घेतली आणि पहिल्या पानापासून सुरू झाली.

"बर्फाचा डोंगर बघितलाय?"

"न्हाई."

"वाळवंट?"

"न्हाई."

"धरण?"

"कोयनेचं बघितलंय."

"खरंच?"

"खरंच."

तिने त्या पानावर बरोबरची खूण केली. बाकीची पोरं तिच्याभोवती गोळा झाली आणि पानं उलटू लागली. विमानतळ? न्हाई. किल्ला? बघितलाय, दोन. कारखाना? आता बघितला, विक्रोळीचा, बाहेरून. "बाहेरनं म्हंजी अर्धं," एक पोरगा म्हणाला आणि तिने अर्धीच खूण केली. मी एकेक उत्तर देत होतो आणि विचित्र गोष्ट म्हणजे मला हलकं वाटत होतं. तास संपल्याची घंटा झाली, कुणी उठलं नाही. पुस्तक संपलं तेव्हा सगळ्या मिळून अकरा खुणा झाल्या होत्या, अर्धी धरून.

राजश्रीने पुस्तक मिटलं आणि वर पाहिलं.

"आणि ऱ्हायलेलं आपन कवा बघायचं?"

मी म्हणालो, "ठाऊक न्हाई." हे दोन शब्द त्या वर्गात मी सव्वीस वर्षांत कधी उच्चारले नव्हते.